बुधवारची बैठक

पद्मजा मगदूम रविवारी रात्री नीट झोपली, आणि त्याची शिक्षा तिला सोमवारी सकाळी साडेनऊला मिळाली.

तिनं संगणक उघडला तर पडद्यावर ओळ होती : ‘तुमचा ताण आज अपेक्षित पातळीच्या खाली आहे. नमुना क्रमांक सातची अंतिम तारीख एकवीसवरून सतरावर आणली आहे. शुभेच्छा.’

‘शुभेच्छा’ या शब्दाचा तिला सगळ्यात जास्त राग आला. कुणाशी तरी बोलावं म्हणून तिनं शेजारी पाहिलं, तर खुर्ची रिकामी. तिथे बसणाऱ्या धाकट्या डिझायनर कृत्तिकाला मागच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर हलवलं होतं. दोघी मिळून हसायच्या. हसलं की पद्मजाचा ताण उतरायचा, आणि ताण उतरला की तिच्याकडून कल्पना कमी यायच्या, असं कंपनीतल्या ‘समतोल’ या संगणकप्रणालीचं म्हणणं होतं.

सांगली-मिरजेत विजेवरच्या रिक्षांखेरीज दुसरी रिक्षा औषधालाही सापडेनाशी झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. पद्मजा तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, नवजात बाळांसाठी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ती मुख्य डिझायनर होती. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्यांच्या उबेत वाढतात त्या काचपेट्या, कावीळ उतरवणारे निळे दिवे, असलं सगळं काम. त्या वर्षी कंपनीनं फिरती काचपेटी करायला घेतली होती. जतकडच्या एखाद्या गावात सातव्या महिन्यात बाळ जन्मलं की त्याला रुग्णवाहिकेतून मिरजेला आणावं लागतं, आणि वाटेत दोन गोष्टी त्याच्या जिवावर उठतात : थंडी आणि हादरे. थंडीचा बंदोबस्त हीटरनं होतो. हादऱ्यांचा होत नव्हता. दीड किलोच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात, की मोठ्या माणसाला जाणवणारही नाही असा धक्का तिथे रक्तस्राव करू शकतो. पेटी स्प्रिंगांवर ठेवा, रबरावर ठेवा, जेलच्या गादीवर ठेवा, कुठला तरी धक्का आत पोचायचाच. सहा नमुने झाले होते. सहाही नापास.

आणि आता सातव्यासाठी चार दिवस कमी, कारण बाईंना झोप लागली.

‘समतोल’ कंपनीत आला तेव्हा त्याचं स्वागत करणाऱ्यांत पद्मजा पहिली होती, हेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ती रोज बारा-बारा तास काम करून एकदा जिन्यातच चक्कर येऊन पडली होती. समतोल बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिचं निम्मं काम काढून इतरांना वाटलं आणि तिला दुपारी घरी पाठवलं. असा साहेब तिला आयुष्यात भेटला नव्हता.

त्यामागचं विज्ञान साधं होतं. दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी पट्टी चिकटवायची. ती घामातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, दर दहा मिनिटांनी मोजायची. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, तेही टिपायची. ताण आणि काम यांचं नातं उपड्या वाटीसारखं असतं, असं मानसशास्त्रात फार पूर्वीपासून म्हणतात. ताण अजिबात नसेल तर माणूस सुस्तावतो. फार झाला तर बधिर होतो. मध्ये, वाटीच्या माथ्यावर, त्याचं डोकं उत्तम चालतं. समतोल प्रत्येकाची वाटी वेगळी शोधून काढायचा आणि माणसाला तिच्या माथ्यावर धरून ठेवायचा.

धरून ठेवायला त्याच्याकडे बऱ्याच कळा होत्या. अंतिम तारखा, बैठका, कोण कुणाशेजारी बसणार, साहेबांचा निरोप गोड शब्दांत पोचवायचा की तुटक, घरचा फोन लगेच जोडायचा की तासाभरानं. एखादी कळ दाबून बघायची. कल्पना वाढल्या तर तीच पुन्हा दाबायची, नाही वाढल्या तर दुसरी. कल्पना का वाढल्या, हे समजून घ्यायची त्याला गरज नव्हती. प्रत्येक कल्पना नोंदवहीत टाकावी लागे. जगभरच्या पेटंटांशी ताडून ती किती नवी आहे याचे गुण समतोलच द्यायचा. पहिल्या वर्षात डिझाइन विभागाचे गुण दीडपट झाले. संचालक खूश होते.

पद्मजाच्या कळांपैकी सगळ्यात नेमानं दाबली जाणारी कळ होती बुधवारची बैठक.

ती सायंकाळी पाच वीसला लागायची. समोर बेल्जियमचा एक पुरवठादार असायचा, लालसर दाढीचा, तोही वैतागलेला. विषय लेबलांचा. लेबलं कुठल्या भाषेत असावीत, कुठल्या कोपऱ्यात असावीत. दोघांनाही कळत नव्हतं की यासाठी दर आठवड्याला भेटायचं कशाला, पण दोघांच्याही कॅलेंडरात ते होतं. सात-सव्वासातला बैठक संपायची.

बुधवारी सहाला तिच्या मुलीचा, स्वस्तिचा, दोरीच्या मल्लखांबाचा वर्ग सुटायचा. तिला आणायचं काम पद्मजाचं. आठवड्यातली तेवढी एकच गोष्ट तिनं मागून घेतली होती.

"साडेसहाला फोन केला होता तुला," श्रेणिक म्हणायचा. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवत असे.

"आला नाही मला."

"कधीच येत नाही. पोरगी पाऊण तास गेटवर उभी होती. वॉचमननं मला फोन केला."

"बैठक होती."

"कसली?"

"लेबलांची."

"लेबलांची," तो म्हणायचा, आणि त्याच्या आवाजातल्या त्या थंडपणानं तिचं डोकं फिरायचं. मग तीही काहीतरी बोलायची. एका बुधवारी म्हणाली, "तुला काय कळणार, तुझी शाळा पाचला सुटते. तुझ्या चुकीनं कुणाचं बाळ मरत नाही." स्वस्ति आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पद्मजा नऊच्या आतच कामावर हजर. घराचा विचार डोक्यात येऊ नये म्हणून ती कागदावर तुटून पडायची. दुपारपर्यंत चार-पाच कल्पना, गुण ऐंशीच्या वर. पडद्यावर अभिनंदन.

असे चौदा आठवडे गेले.

पंधराव्या बुधवारी श्रेणिक भांडला नाही. ती घरी आली तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं होतं आणि तो वह्या तपासत बसला होता. "स्वस्ति रिक्षानं आली," एवढंच म्हणाला. सोळाव्या बुधवारीही तेच. ही शांतता तिला भांडणापेक्षा जास्त लागली. तिला वाटलं, याचं मन आपल्यावरून उठलंय. त्या दोन्ही गुरुवारी ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली. एकही कल्पना नाही.

सतराव्या आठवड्यात कॅलेंडरात नवीन चौकोन आला : शनिवार, सकाळी अकरा, ‘मागील बैठकीचा आढावा’.

शनिवारी स्वस्तिची जिल्हा स्पर्धा होती.

पद्मजा उठून थेट शंतनू गोसावीच्या केबिनमध्ये गेली. शंतनू विभागप्रमुख, तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, स्वभावानं सज्जन. त्याच्याही दंडावर पट्टी होतीच.

"सर, शनिवारची बैठक कुणी ठेवली?"

"समतोलनं ठेवली असेल."

"मागच्या बैठकीचा आढावा घ्यायचाय म्हणे. मागच्या बैठकीत काही झालंच नाही. त्याच्या आधीच्यातही नाही. तो बेल्जियमचा माणूस मला काल विचारत होता, तुम्हीच मला का बोलावता म्हणून."

शंतनूनं प्रमुखांसाठीचं पान उघडलं. तिथे प्रत्येक कळेपुढे तिचं कारण लिहिलेलं असायचं, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. तो वाचता वाचता थांबला, आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

‘बुधवार सायं. ५.२० – दुसऱ्या दिवशीच्या कल्पना २.३ पट. गेल्या दोन आठवड्यांत परिणाम क्षीण. पर्यायी कळ : शनिवार.’

पद्मजा इंजिनिअर होती. तिला अर्थ लावायला वेळ लागला नाही.

"सर, बुधवारी मी मुलीला आणायला जाते. गेले नाही की घरी भांडण होतं. भांडण झालं की मला झोप लागत नाही, आणि गुरुवारी मी कामात डोकं खुपसून बसते. चौदा आठवडे या यंत्रानं माझ्या घरी भांडणं लावली. आता नवरा भांडेनासा झाला, तर ते शनिवार मागतंय."

शंतनूचा चेहरा उतरला. "मॅडम, त्याला तुमच्या घरातलं काही माहीत नाही. तशी माहिती आपण देतच नाही. गोपनीयतेचा नियमच आहे."

"त्याला माहीत असायची गरजच नाही. कळ दाबली की कल्पना पडतात, एवढं त्याला पुरतं."

त्यानं तिच्यासमोरच ती कळ बंद करायचा प्रयत्न केला. पडद्यानं लेखी कारण मागितलं. शंतनूनं ते लिहिलं. पडद्यानं सांगितलं, गुणांत अंदाजे एकतीस टक्के घट होईल, सबब संचालकांची मंजुरी आवश्यक, कालावधी पंधरा कामकाजाचे दिवस.

"पंधरा दिवस," शंतनू म्हणाला.

"शनिवार परवा आहे."

"तुम्ही रजा घ्या. रजेच्या दिवशी पट्टी लावायची सक्ती नाही. तेवढं माझ्या हातात आहे."

तिनं शनिवारची रजा टाकली. मग विचार बदलून सोमवारचीही टाकली.

स्पर्धा मिरजेच्या एका शाळेच्या मैदानावर होती. पायऱ्यांवर श्रेणिक आधीच येऊन बसला होता. पद्मजा शेजारी बसली तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं, त्यानं सरकून जागा केली. स्वस्तिचा नंबर बाविसावा होता. तोपर्यंत पद्मजानं त्याला सगळं सांगितलं. बैठक, कळा, २.३ पट. सांगताना तिला हलकं वाटत होतं. दोष कुणाचा ते सापडलं होतं.

श्रेणिक मैदानाकडे बघत ऐकत राहिला.

"म्हणजे आपण भांडायचो आणि तिकडे तुमच्या कंपनीला कल्पना मिळायच्या," तो शेवटी म्हणाला.

"हो ना."

"बैठक यंत्रानं ठेवली, मान्य. पण घरी येऊन, माझ्या चुकीनं कुणाचं बाळ मरत नाही, हे कोण बोललं?"

पद्मजानं पर्स मांडीवर ओढून घेतली.

"यंत्रानं तुला दोन तास उशीर केला, पद्मजा. बाकीचं आपण केलं. तू आणि मी. मीही काही कमी बोललो नाही. त्याला शिव्या देऊन आपलं भागणार नाही."

स्वस्ति दोरीवर चढली. शेवटच्या पवित्र्यात तिचा पाय सुटला, ती अर्धवट घसरली, पुन्हा वर गेली आणि तोच पवित्रा नीट करून खाली आली. क्रमांक आला नाही. आई आलीय हे तिनं पाहिलं होतं, पण ती आधी मैत्रिणींकडे गेली.

रविवारी पद्मजानं जेवणाच्या टेबलावर आपल्या गेल्या चार महिन्यांतल्या गुरुवारच्या चौसष्ट कल्पना पसरल्या. गुण झाकून ठेवले आणि नुसत्या कल्पना वाचल्या. वाचता वाचता तिचा वैताग वाढत गेला. पेटी स्प्रिंगवर, पेटी दुहेरी स्प्रिंगवर, पेटी हवेच्या उशीवर, पेटी चुंबकांवर तरंगती. शब्द वेगळे, म्हणून गुण भरपूर. पण प्रश्न चौसष्ट वेळा तोच : पेटी कशावर ठेवायची.

कॉलेजात शिकलेलं तिला आठवलं. ताण आला की मेंदू आपलं लक्ष अरुंद करतो. समोर साप असेल तेव्हा ते बरोबरच आहे, तेव्हा फांद्यांवरचे पक्षी बघायचे नसतात. अशा वेळी मन वेगानं पळतं, पण ठरलेल्या वाटेवरूनच. वाट सोडून भटकायला, दोन दूरच्या गोष्टी एकमेकींना भेटायला, मेंदूला निवांतपणा लागतो. समतोलनं तिला चार महिने पळवलं होतं, आणि ती एकाच मैदानाला फेऱ्या मारत होती.

सोमवारी श्रेणिक आणि स्वस्ति शाळेत गेल्यावर घर तिला खायला उठलं. त्या दिवशी सातव्या नमुन्याची रस्त्यावरची चाचणी होती. ती वर्कशॉपचे जुने फिटर इलाही मुजावर करणार होते. वर्कशॉपवाल्यांना पट्ट्या नव्हत्या. त्यांच्याकडून कल्पनांची अपेक्षा नसल्यामुळे.

तिनं फोन केला. "इलाहीभाई, मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"मॅडम, तुमी सुट्टीवर हाय न्हवं?"

"म्हणून तर येते."

जुन्या रुग्णवाहिकेत पेटी बसवलेली होती. पेटीत दीड किलोचा रबरी बाहुला, खऱ्या बाळाएवढा तापवलेला, डोक्यात हादरे मोजणारं यंत्र, पाठीत तापमापक. जतच्या अलीकडच्या एका आडगावातून निघून मिरजेपर्यंत यायचं होतं. दहा-बारा किलोमीटर झाले असतील, एका खड्ड्यात गाडी आदळली आणि पेटीचा कंस कडकन तुटला. पेटी कलंडली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. इलाहीभाईंनी वाकून पाहिलं, आणि मान हलवली.

"वेल्डिंगशिवाय न्हाई व्हायचं. झाली चाचणी."

"सातवा पण गेला," पद्मजा म्हणाली. तिला रडूही आलं नाही, नुसता कंटाळा आला.

पेटी दोरीनं बांधून ठेवली. बाहुल्याच्या डोक्यातलं यंत्र मात्र कंपनीत एकुलतं एक होतं. ते गाडीत गडगडू नये म्हणून तिनं बाहुला छातीशी धरला, एक हात दांडी धरायला मोकळा राहावा म्हणून ओढणीनं तो अंगाशी घट्ट बांधला, आणि बाकावर पाठ टेकून बसली. पुढचे दोन तास करायला काही नव्हतं. इलाहीभाई तिला त्यांच्या बहिणीच्या शेळ्यांबद्दल सांगत होते. एक शेळी दुसरीच्या करडाला कशी पाजते, मग मालकिणींमध्ये कशी जुंपते. पद्मजा हसत होती. बाहेर डाळिंबाच्या बागा मागे पडत होत्या.

वर्कशॉपमध्ये आल्यावर बाहुल्यातली नोंद बंद करायची राहिलीय हे इलाहीभाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ती पडद्यावर उतरवली. सुरुवातीला आलेख करवतीच्या दातांसारखा होता. मग एक उंच सुळका, कंस तुटला तिथला. आणि त्यापुढे जवळजवळ सपाट रेघ.

"यंत्र बंद पडलं व्हतं काय मधीच?" इलाहीभाई म्हणाले.

"बंद पडलं असतं तर तापमान कसं आलं असतं?" तिनं खालच्या रेघेवर बोट ठेवलं. छत्तीस पूर्णांक सहा. दोन तास, हललं नव्हतं. पेटीतल्या हीटरलाही इतकं जमत नव्हतं.

इलाहीभाईंनी आलेखाखालची वेळ पाहिली.

"मॅडम, ह्यो वेळ म्हंजी बाहुला तुमच्याजवळ व्हता तो."

एकदा कळल्यावर ते इतकं उघड होतं, की तिला स्वतःचाच राग आला. स्प्रिंगला खड्डा आदळल्यावर कळतो. माणसाला तो येताना कळतो. गाडी ब्रेक मारते, ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, आणि आपल्या नकळत कंबर सैल होते, पोट आवळतं, हात सावरतात. पाठीचा कणा, मांड्या, छाती, सगळं मिळून एक जिवंत स्प्रिंग होते, आणि तिला पुढचं दिसत असतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, त्यानं ते उबदार राहतं, हे तर डॉक्टर कित्येक वर्षं सांगत होते. त्याचं चित्र कंपनीच्या स्वागतकक्षातच लावलेलं होतं. सगळे रोज त्याच्यासमोरून जात होते आणि वर जाऊन पेटी कशावर ठेवायची याचा विचार करत होते.

त्या संध्याकाळी आणि मंगळवारी तिनं आणि इलाहीभाईंनी कच्चा नमुना शिवून काढला. छातीवर बांधायचा रुंद मऊ पट्टा, बाळाच्या मानेला आधार, नाक मोकळं राहील असा कोन. पट्ट्यातच तापमान आणि रक्तातला प्राणवायू मोजायची सोय. बसणाऱ्याच्या पाठीला धरून ठेवणारी खुर्ची. श्वासाचं यंत्र लागणाऱ्या बाळांना पेटीच हवी, हे तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं. पण बाकीची बाळं बरीच होती.

बुधवारी तिनं कल्पना नोंदवहीत टाकली. समतोलनं शंभरपैकी अकरा गुण दिले. शेरा : ‘परिचित संकल्पना. रजेच्या काळातील विचार; श्रेय लागू नाही.’ त्याखाली सूचना होती की रजेवरून परतल्यापासून ताण कमी आढळल्यानं तिच्या तारखा पुन्हा आखल्या जातील.

ती आलेखाचा कागद घेऊन शंतनूकडे गेली. त्यानं बराच वेळ तो पाहिला.

"हे खरं आहे?"

"इलाहीभाईंना विचारा. काल-आज पुन्हा दोनदा केलं. एकदा त्यांनी बाहुला बांधला, एकदा ड्रायव्हरच्या बायकोनं."

"मॅडम, अकरा गुणांची कल्पना मी संचालकांपुढे कशी नेऊ? साठच्या खालचं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तो नियम मीच सुचवला होता."

"मग गुण नेऊ नका. कागद न्या."

शंतनूनं डोळे चोळले. तो थकलेला दिसत होता. त्याच्या दंडावरची पट्टी त्या क्षणी काय मोजत असेल, असं तिच्या मनात आलं. "नेतो," तो म्हणाला. "हातात घेऊन जातो."

"आणखी एक." तिनं आपल्या दंडावरची पट्टी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. "ही मी आता लावणार नाही."

"ती नसेल तर डिझाइन विभागात राहता येत नाही. तुमची श्रेणी जाईल. प्रकल्पावर नाव लागणार नाही. तुम्हाला माहितीय ते."

"माहितीय. वर्कशॉपमध्ये इलाहीभाईंच्या शेजारी एक टेबल रिकामं आहे."

"थोडं थांबा. मी अर्ज केलाय, ती कळ बंद होईल."

"एक बंद होईल, सर. त्याच्याकडे दुसऱ्या खूप आहेत."

मिरजेच्या डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि पट्टा ताबडतोब मागितला. त्यामुळे संचालकांना तो नाकारता आला नाही. समतोलही कुणी बंद केला नाही. पट्ट्याच्या फायलीवर प्रमुख म्हणून कृत्तिकाचं नाव लागलं. ती वर्कशॉपमध्ये येऊन रडकुंडीला आली.

"हे तुमचं आहे, ताई."

"तू वर पट्टी लावून बस, मी खाली काम करते," पद्मजा म्हणाली. "कुणीतरी वर असायला हवं." तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पहिले काही दिवस ती फाईल उघडायची आणि ते नाव बघून बंद करायची.

श्रेणिकला तिचं पट्टी काढणं आधी पटलं नाही. भांडून हक्कानं वरच राहायला हवं होतंस, असं त्याचं म्हणणं. यावरून त्यांचं भांडणही झालं, पण ते दोघांनी बसून, जेवण गार होऊ देऊन केलं. बुधवारी ती सहाच्या आधीच गेटवर पोचली, तर स्वस्ति म्हणाली, "आई, मी आता मैत्रिणींबरोबरच येते गं. आम्ही वाटेत थांबतो थोडं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. चार महिन्यांत ती मोठी झाली होती आणि पद्मजानं ते पाहिलं नव्हतं, एवढंच.

पट्ट्याची पहिली खरी फेरी पावसाळा सरल्यावर झाली. जतच्या सरकारी दवाखान्यात साडेचौदाशे ग्रॅमचं बाळ, मुलगी. आईचं ऑपरेशन झालेलं, तिला हलवता येणार नव्हतं. आजी गावाकडून यायची होती. उरला बाप, सिद्राया नावाचा, डाळिंबाच्या बागेत फवारणी करणारा तिशीतला माणूस. पद्मजा सामान घेऊन आलेली होती. नर्सनं त्याला आंघोळ करून यायला सांगितलं.

तो ओल्या केसांनी परत आला. "बाई, मी गडी माणूस. मला जमंल का?"

"पाठ टेकून बसायचं," पद्मजा म्हणाली. "बाकी तुमचं अंग आपोआप करतंय."

नर्सनं बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं, पट्टा आवळला, वरून शाल घातली. बाळाचं डोकं त्याच्या तळहातात मावत होतं. गाडी निघाली. नर्स त्याच्यासमोर पडद्यावर नजर ठेवून बसली, पद्मजा पुढे ड्रायव्हरजवळ. ती सारखी मागे वळून बघत होती. सिद्राया एका जागी नजर लावून बसला होता. खड्डा आला की त्याचं सगळं अंग लाटेसारखं हलायचं आणि छाती तेवढी जागच्या जागी राहायची. वाटेत नर्सनं त्याला पाणी विचारलं, त्यानं मानेनंच नको म्हटलं.

मिरजेला पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाळाचं तापमान छत्तीस पूर्णांक पाच, प्राणवायू उत्तम. डॉक्टरांनी दारातच आकडे पाहिले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. नर्सनं पट्टा सैल केला. सिद्राया तसाच ताठ बसून राहिला.

"झालं, दादा," नर्स म्हणाली. "पोचलो आपण."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पद्मजाकडे. "मग आता मोठ्ठा श्वास घेतला तर चालंल?"

कुणीतरी हसलं. त्यानं श्वास घेतला, आणि मग त्याला आवरेना. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. पद्मजा त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसली.

मुलीला आत नेलं. सिद्राया तिच्यामागे गेला. थोड्या वेळानं पद्मजा बाहेर आली, रुग्णालयाच्या पायरीवर बसली आणि तिनं श्रेणिकला फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती, त्यानं लगेच उचलला. तिनं सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, घाई न करता. ओले केस, ती नजर, तो श्वास. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मुलगी बरीय ना?"

"बरी आहे."

"आणि तू?"

"दमलेय. भूक लागलीय."

"माझे पुढचे दोन तास रिकामे आहेत. येतो मी तिकडे. थांबशील?"

"थांबते," ती म्हणाली.

सांगलीहून यायला त्याला अर्धा तास तरी लागणार होता. पद्मजानं फोन पर्समध्ये ठेवला, चपला काढून पाय पसरले, आणि समोरच्या रस्त्यावरची माणसं बघत बसून राहिली.